शेवटून उघडलेलं पुस्तक

४ मार्च, मंगळवार

आज माती खाल्ली मी.

हिचा टॅब उघडला. एक्केचाळीस दिवसांनी. लेकीनं जाताना चार्ज करून टेबलावर ठेवला होता. "बाबा, आईची अर्धी राहिलेली कादंबरी आहे त्यात. बघा कधीतरी." बघितलं. बोट लावलं तशी कादंबरी उघडली. अक्षरं हरभऱ्याएवढी, कारण हिनं मोठी करून घेतली होती. आणि मी काय केलं? चाळीस वर्षं जे करत आलो तेच! हातात पुस्तक आलं की बाइंडर आधी शेवटचं पान बघतो. शेवटचा फर्मा लागलाय की गळालाय ते बघायचं, मग सोळा-सोळा पानांचे फर्मे मोजायचे. वाचणं त्यानंतर, आणि बहुतेक वेळा नाहीच. तर सवयीनं खालची रेघ बोटाखाली धरली आणि सर्रकन शेवटाला नेली. शेवटचं पान होतं. काही गळालेलं नव्हतं. समाधान वाटलं मूर्खाला!

मग मागे जायचं म्हटलं तर कुठे जायचं? ती जिथे थांबली होती ते पान डोळ्यांपुढे आलं होतं, पण मी एक शब्द वाचला नव्हता. बंद करून पुन्हा उघडलं. शेवटचंच पान. पुन्हा उघडलं. तेच.

लेकीला फोन केला. ती आधी हसली, मग म्हणाली, "बाबा, आपण शेवटी जिथे असतो तेवढंच ते लक्षात ठेवतं. आधीचं आता नाही सापडायचं."

कागदाच्या पुस्तकात असं झालं नसतं. हिला पानाचा कोपरा दुमडायची खोड होती. त्यावरून मी किती वेळा ओरडलो असेन! कोपरा दुमडला की कागदाची ताकद जाते, हे माझं पेटंट वाक्य. आज एक दुमडलेला कोपरा मिळाला असता तर पायावर डोकं ठेवलं असतं.

५ मार्च

सगळं नीट लिहून ठेवतो. निदान कागदाला तरी माहीत असू दे मी काय शोधतोय ते.

बावीस जानेवारी. बुधवार. दुपारचे सव्वातीन. शेवटचे तीन महिने मी कामाचं टेबल झोपायच्या खोलीतच आणलं होतं, तिला एकटं वाटू नये म्हणून. पलंगामागे जेवढी जागा होती तेवढ्यात ते बसलं. ती उशांना टेकून, टॅब मांडीवरच्या उशीवर उभा केलेला. मी मागे, शिलाईला. सांभाळणारी बाई खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती. सकाळपासून ही दोनदा म्हणाली होती, "तुम्हाला एक सांगायचंय." दोन्ही वेळा कुणी ना कुणी आलं. सव्वातीनला मी खळीचा ब्रश खाली ठेवला आणि म्हटलं, "काय सांगायचं होतं गं?" आणि उठायला लागलो.

ती म्हणाली, "थांबा ना. बसा तिथेच. एवढं पान होऊ दे, मग सांगते."

मला राग आला. लिहायला लाज वाटते, पण आला. तीन महिने त्या यंत्राचा राग येतच होता. सवत म्हणायचो त्याला. माझ्याकडे पाठ आणि त्याच्याकडे तोंड! म्हटलं, "वाच, वाच. तुमचं दोघांचं चालू दे." चपला घातल्या आणि पुठ्ठा आणायला खाली गेलो. पुठ्ठा घरात होता. ढीगभर होता.

पाऊण तासानं आलो तर बाई दारात उभी.

मला ते पान हवंय. त्या पानावर असं काय होतं, जे संपल्यावर ती मला सांगणार होती?

७ मार्च

टॅब आपोआप उजळला. मी कात्रीनं दोरा कापत होतो. काचेवर हिचं नाव, पूर्ण, आणि खाली — "वाचन थांबलंय. पुढे सुरू करायचं?"



१० मार्च

वाटलं, सापडलं! काही ओळींखाली बारीक ठिपके आहेत. म्हटलं, ही तिचीच खूण. कोपरा दुमडता येत नाही म्हणून बिचारी ठिपके काढत असणार. सकाळी आठला बसलो, तर दुपारी दोनपर्यंत ठिपक्यांच्या एकोणीस ओळी वहीत उतरवल्या. शेवटचे ठिपके जिथे, तिथे ती थांबली असणार, हा माझा हिशोब. एक ओळ तर दोनदा उतरवली. "माणूस सवयीचा झाला की दिसेनासा होतो."

संध्याकाळी लेक आली. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि काचेवर उमटलं — चारशे बारा वाचकांना ही ओळ आवडली.

हिचा त्यात काही संबंध नाही! कोण कुठले चारशे बारा लोक, कुठल्या कुठल्या खोल्यांत बसून एकच ओळ अधोरेखित करतायत, आणि ते सगळे माझ्या बायकोच्या पुस्तकात! लेक म्हणते, आता असंच असतं बाबा, लोकांना बरं वाटतं, सोबत वाटते. मला तर घरात माणसं वावरतायत आणि दिसत नाहीत, असं वाटलं.

१३ मार्च

पुस्तकांच्या दुकानात गेलो. दुकानदार जुना ओळखीचा, त्याच्याकडची फाटकी पुस्तकं माझ्याकडेच शिवायला यायची. म्हटलं, ही कादंबरी कागदावर दे. म्हणाला, "काका, नवी कादंबरी आता आधी यंत्रावर येते. तिथे चालली तर कागदावर. ही चाललीय, महिनाभरात येईल." मी म्हटलं, म्हणजे बारसं आधी आणि बाळ नंतर! हसला. म्हणाला, "काकूंनीच मला आधी सांगितलं होतं तिच्याबद्दल. मी नाही अजून वाचली. मला काचेवर दोन पानांपुढे जातच नाही."

एक मुलगी बाजूला उभी होती, म्हणाली, मी रांगेत उभी राहून फोनवर संपवली, शेवट फार रडवतो. मी म्हटलं, शेवट मला माहीत आहे, मला मधलं हवंय. 

महिनाभर कोण थांबणार? काचेवरच वाचायचं ठरवलं. पहिल्यापासून. बैल गेला आणि झोपा केला!

१४ मार्च

पान उलटायला बोटाला थुंकी लावली. काच ओली झाली. आठ पानं एकदम पळाली.

१८ मार्च

वाचतोय. रोज दुपारी जेवण झाल्यावर, हिच्या बाजूला बसून. म्हणजे पलंगाच्या त्या बाजूला.

जमत नाही, पण जमवतोय. सगळ्यात वाईट काय, तर वजन कळत नाही. पुस्तक वाचताना डावा हात जड होत जातो आणि उजवा हलका, अंगठ्याला कळतं किती उरलंय. इथे पहिलं पान आणि शेवटचं पान सारखंच. किती टक्के झालं ते खाली लिहितो म्हणे. मरणाच्या दारातल्या माणसाला टक्के सांगणाऱ्या डॉक्टरची आठवण येते.

कबूल करायला हरकत नाही, हजारो पुस्तकं शिवली, पण एक कादंबरी अथपासून इतिपर्यंत वाचली नव्हती. ही म्हणायची, "तुम्ही पुस्तकांचे शिंपी. माप घेता, कपडा शिवता, आत माणूस कोण ते विचारत नाही." मी म्हणायचो, तू विचारतेस ना, मग पुरे की एका घराला.

गोष्ट एका बाईची आहे. नदीवरच्या फेरीबोटीची तिकिटं देते. दिवसभर लोकांना पलीकडे पाठवते, आणि स्वतः एकदाही पलीकडे गेलेली नाही. नवरा चांगला आहे, कामसू. घड्याळासारखा. मला आवडला.

टॅबमध्ये पान उलटलं की खस्स असा खोटा कागदाचा आवाज येतो. तो आवाज मला तीन महिने मागे टेबलाशी बसून ऐकू यायचा. शेवटी शेवटी तिनं तोही बंद केला होता. माझ्या कामात व्यत्यय नको म्हणून असेल. आता मी तो सुरू केलाय. काल मी टेबलाशी होतो, टॅब कपाटात होता, आणि खस्स झालं. उठून बघितलं. बंद होता.

२१ मार्च

काम हातात धरवत नाही. एका वहीला उलटं पान शिवलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

२४ मार्च, सोमवार

आपण कसे इतके दिवस विसरलो! हिची चष्मेवाली मैत्रीण. दोघी रोज सकाळी फोनवर असायच्या. एकच नवी कादंबरी दोघी एकाच वेळी सुरू करायच्या आणि कुणी कुणाच्या पुढे जायचं नाही असा करार. पूर्वी एकच प्रत घेऊन आळीपाळीनं वाचायला प्रकरणाप्रकरणानं फाडायच्या (फाडायच्या! आणि मग शिवायला माझ्याकडे आणायच्या). टॅब आल्यावर तो प्रश्न मिटला, म्हणून दोघी खूश होत्या.

तिच्या घरी गेलो. मला दारात बघून तिला आधी रडूच आलं. मग म्हणाली, "अठराव्या प्रकरणापर्यंत आम्ही बरोबर होतो हो. तिथे ती म्हणाली, मला आता हळू होतंय, तू जा पुढे. मी म्हटलं, छे, करार म्हणजे करार. मी थांबले. अजून तिथेच थांबलेय." तिनं आपला टॅब दाखवला. प्रकरण अठरा. पत्र.

  निघताना म्हणाली, "तुम्ही वाचलंत की मला सांगा. मग मी पुढे जाईन."

२५ मार्च

वाचलं.

अठराव्या प्रकरणात ती बाई एका सकाळी बोटीत बसते आणि नवऱ्याला पत्र ठेवून जाते. पत्रात भांडण नाही. शिवी नाही. एवढंच, की तुम्ही वाईट नव्हता. तुम्ही कामात होता. एकतीस वर्षं मी तुमच्या घरात होते आणि तुम्ही मान वर करून माझ्याकडे बघितलं नाहीत.

आमची अडतीस झाली होती.

ही गोष्ट तिला मला सांगायची होती? "एवढं पान होऊ दे, मग सांगते" — हे?

२६ मार्च

दिवसभर आठवत होतो, मी कधी मान वर केली. लग्नात केली असेल. लेक झाली तेव्हा केली. हिचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून दोन वह्या शिवल्या, कारण हात रिकामे असले की मला भीती वाटते. तिला हे माहीत होतं का? मी सांगितलं नव्हतं. कोण सांगतं असलं!

२८ मार्च

आज दुसरीच गोष्ट डोक्यात आली आणि तेव्हापासून बसवत नाही.

हिनं अक्षरं हरभऱ्याएवढी करून ठेवली होती. म्हणजे काचेवर एका पानात ओळी किती? मोजल्या. नऊ. घड्याळ लावून वाचून बघितलं. मी अडखळत वाचणारा, तरी बत्तीस सेकंद.

मी समजत होतो पान म्हणजे छापील पान. डोळे दुखणाऱ्या माणसाला चार-पाच मिनिटं लागणारं. म्हणून गेलो. नऊ ओळी होत्या! अर्धं मिनिट थांबायचं होतं!

१ एप्रिल

दुपारी टॅब उजळला. तिचं नाव घेऊन विचारलं, पुढे सुरू करायचं?

मी मोठ्यानं म्हणालो, "नाही." मग घरात कुणी नव्हतं ते लक्षात आलं.

४ एप्रिल

कागदी प्रत आली. दुकानदारानं स्वतः आणून दिली, पैसे घेईना. आधी शेवटचं पान बघितलं. हात आपोआपच गेला. मग फर्मे मोजले. चोवीस. बांधणी सुमार, दोन वाचनांत कणा सुटेल.

पत्र उजव्या पानावर सुरू होतं. वाटलं होतं, कागदावर ते कमी लागेल. काचेवरचं काही खरं नसतं असं मीच म्हणायचो ना! पण उलट झालं. कागदावर ते हलत नाही. उजेड विझत नाही. टॅब निदान दोन मिनिटांनी अंधारा व्हायचा, हे पुस्तक नुसतं पडून असतं आणि पत्र आत चालूच असतं. कपाटात ठेवलं. कपाटाकडे पाठ करून बसलो. मग खुर्ची फिरवून घेतली, कारण पाठीवर कुणीतरी बघतंय असं वाटायला लागलं.

चष्मेवालीचा फोन आला, वाचलंत का. खोटं बोललो. म्हटलं, अजून नाही.

६ एप्रिल, रविवार

लेकीशी भांडण. जावईही होते, ते बिचारे गच्चीवर जाऊन उभे राहिले.

मी तिला पत्र वाचून दाखवलं. अर्ध्यावर तिनं पुस्तक हातातून काढून घेतलं. "बाबा, ही कादंबरी आहे! आईनं नाही लिहिलेली. कुणीतरी तिसऱ्याच बाईनं लिहिलीय, तिला तुम्ही माहीतही नाही."

मी म्हटलं, पण तुझी आई नेमकी तिथेच थांबली.

"कशावरून तिथेच? काय माहीत तुम्हाला? त्या दुपारी खोलीत मावशी होत्या ना? त्यांना विचारलंत का?"

त्या म्हणजे सांभाळणारी बाई. मी म्हटलं, तिला वाचता येत नाही. तिला काय विचारायचं, कितवं पान चाललं होतं?

लेकीनं पुस्तक मिटलं. मग हळू म्हणाली, "कमाल आहे तुमची. आईजवळ शेवटपर्यंत त्या होत्या, आणि तुम्ही गावभर पान शोधत फिरताय." आणि बाईचा पत्ता लिहून दिला. दोन बसथांबे पलीकडे. काखेत कळसा!

लेक गेल्यावर घर फार शांत झालं. खरं सांगायचं तर विचारायची भीती वाटते. आज निदान शंका आहे. ती बाई म्हणाली, हो, त्या तुमच्यावर नाराज होत्या, तर मग काय करायचं? या वयात कुणाची माफी मागायची?

७ एप्रिल

गेलो नाही. पाय दुखत होता. (दुखत नव्हता.)

८ एप्रिल

बसथांब्यापर्यंत जाऊन आलो.

९ एप्रिल, बुधवार

आज गेलो. बाई एका म्हाताऱ्यांच्या कामावर निघाली होती, जिन्यातच भेटली. मी विचारलं, त्या दुपारी काकू काय वाचत होत्या, काही आठवतं का.

ती म्हणाली, "वाचत कुठे होत्या काका? शेवटचे दहा-बारा दिवस ते बंदच असायचं. अक्षरं हलतात म्हणायच्या. मान तर वळत नव्हती त्यांची. बंद केलं की काळ्या काचेत मागचं टेबल दिसायचं. तुम्ही दिसायचा. मला सांगायच्या, थोडं डावीकडे कर, थोडं वर उचल. तासन् तास बघायच्या. तुम्ही दोरा ओवताना जीभ बाहेर काढता म्हणून हसायच्या. म्हणाल्या, त्यांना सांगू नकोस हं, नाहीतर फोटोला बसल्यासारखे बसतील."

कामाच्या चष्म्यातून मला पलंगापर्यंतचं दिसत नाही.

मी विचारलं, आणि त्या दिवशी 'बसा तिथेच, एवढं पान होऊ दे' म्हणाली, तरी मी उठून गेल्यावर?

"मग काय. थोडा वेळ वाट बघितली. मग म्हणाल्या, गेले बघ ते. ठेव हे आता."